ब्रेकांची खांदमळणी

कुरुंदा,
पोळ्यानंतरचा रविवार

राजमान्य राजश्री जावईबापू मुन्नाराव यांना, किसनरावचा (तुम्ही वयाने लहान म्हणून) आशीर्वाद आणि (जावई म्हणून) नमस्कार. दोन्हींपैकी जे आधी पोचेल ते घ्यावे.

तिकडे परदेशात तब्येत कशी आहे? जेवणाचे हाल होत असतील. तुमच्या सासूबाईंनी, म्हणजे आमच्या पद्माबाईंनी, बांधून दिलेली शेंगदाण्याची चटणी विमानतळावर काढून तर घेतली नाही ना, हे त्या मला रोज विचारतात, जसा काही मी तिथे पहाऱ्यावर होतो. तुमच्या वडिलांचा गुडघा आता कसा आहे? त्यांना म्हणावे, थंडी पडायच्या आत इकडे येऊन जा, ओली हळद आणि निरगुडीचा लेप देतो. (हळदीबद्दल पुढे बरेच येणार आहे, तेव्हा तूर्त एवढेच.) इकडे सर्व ठीक. पाऊस मधे रुसला होता, आता बरा आहे. सोयाबीन पिवळे पडायला लागले, हळद छातीला आली. पुनम मजेत आहे, दिवसभर कॉम्प्युटरवर ऑफिसचे काम करते आणि संध्याकाळी आजीशी भांडते. आणि तुमची गाडी सुखरूप आहे. (तुम्ही पत्र इथूनच वाचायला सुरुवात करणार हे मला ठाऊक आहे.) गाडी गोठ्यात ताडपत्रीखाली उभी आहे, काच फुटलेली नाही, रंग उडालेला नाही, पुढच्या जाळीत आंब्याची पाने अडकली होती तीही काढली. पाने कशी अडकली ते यथावकाश कळेल.

हे सगळे फोनवर का नाही सांगितले, असे तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही मला पहिल्यापासून सांगू देत नाही. "मामा, गाडीला काय झालं तेवढं सांगा," असे मधेच म्हणता. पत्रात तुम्हाला मधे बोलता येत नाही, हा पत्राचा मोठा गुण आहे.

तर पहिल्यापासून. धोंड्याच्या महिन्यात तुम्ही आणि पुनम त्या दोन सीटांच्या लाल गाडीतून आलात. बसायचे म्हणजे खड्ड्यात उतरावे तसे उतरावे लागते अशी ही गावात आलेली पहिलीच गाडी. वेशीजवळच्या उंचवट्यावर तिचे पोट घासले तो आवाज ऐकून गावातल्या निम्म्या लोकांनी वाकून गाडीखाली पाहिले. जेवण झाले, अनारसे झाले आणि रिवाजाप्रमाणे मी विचारले, जावईबापू, वाण काय देऊ? पद्माबाई अंगठीच्या मापाला दोरा घेऊन दाराआड तयार होत्या. तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "मामा, ब्रेक द्या."

माझी आई गोजरबाई हिला अजून माजघरातून चुलीवरचे दूध उतू गेलेले ऐकू येते, पण तिनेसुद्धा "काय मागितलं?" असे दोनदा विचारले. कुरुंद्यात आजवर जावयांनी अंगठी मागितली, मोटारसायकल मागितली, एकाने तर स्वतःच्या शेतात बोअर मारून मागितला. ब्रेक मागणारे तुम्ही पहिलेच. सासऱ्याकडे काही तरी पळवणारे मागायचे सोडून थांबवणारे मागितलेत, म्हणून मला तुमच्याबद्दल आदरच वाटला.

मग तुम्ही समजावून सांगितलेत. रस्त्यावर फिरायला गाडीचे मूळचे ब्रेक पुरतात. पण तो जो ट्रॅक असतो, तिथे भरधाव जायचे, वळण आले की दाबायचे, पुन्हा भरधाव, पुन्हा दाबायचे. थोड्याच वेळात ब्रेक तापतात, त्यांच्यातले तेल उकळते, पायाखालचे पेडल मऊ पडते आणि गाडी थांबायला टाळाटाळ करते. म्हणून चाकामागच्या डिस्क, म्हणजे त्या लोखंडी थाळ्या, मोठ्या हव्यात, त्यांना दोन्हीकडून चिमटणारे पॅड उष्णता सोसणारे हवेत, तेल लवकर न उकळणारे हवे आणि पाईप न फुगणारे. पॅड पुन्हा असे निवडायचे की ट्रॅकवर तापूनही टिकतील आणि रोजच्या रस्त्यावर थंड असतानाही धरतील, कारण नुसत्या ट्रॅकचे पॅड थंड असले की धरत नाहीत आणि वर किंचाळतात. (हे शेवटचे सगळे पुनम बोलली. तुम्ही सांगताना चुकत होता आणि ती दुरुस्त करत होती. नवऱ्याच्या छंदात पोरगी किती जीव ओतते, याचे मला कौतुक वाटले.) आईने विचारले, ट्रॅक म्हणजे काय? तुम्ही म्हणालात, गोल रस्ता, जिथून निघायचे तिथेच परत यायचे. आई म्हणाली, "म्हंजे खळ्यावर बैलांची पात हाणतेत तसं. मंग बराबर हाय. पर दाणे कुटं पडतेत?" यावर तुम्ही विडा तोंडात टाकलात आणि मीही टाकला.

आता मनातले लिहितो, कारण जावयाला तोंडावर असे बोलायची आपल्यात पद्धत नाही. मी ब्रेकला हो म्हटले ते तुमच्या हौसेखातर नव्हे. गाडीत सीटा दोन. उजवीकडे तुम्ही, डावीकडे माझी एकुलती एक पोरगी. ज्या रविवारी तुम्ही ट्रॅकवर जाता त्या रविवारी मी ताटावरून अर्धपोटी उठतो. पद्माबाई देवापुढे दिवा लावून बसतात आणि मी हळदीच्या वाफ्यांतून उगाच फिरत राहतो. संध्याकाळी पुनमचा "निघालो" म्हणून फोन आला की मगच घरी येतो. तिला एकदा म्हणालो, बाई, त्यांना जायचे तर जाऊ दे, तू कशाला जातेस? तर म्हणाली, "बाबा, मी न्हाई गेले तर ते एकटे तिथं जाऊन काय करतील?" अशी बायको मिळायला नशीब लागते, मुन्नाराव. म्हणून मी ठरवले की जावयाला पळण्यापासून अडवता येत नसेल, तर निदान त्याच्या थांबण्याची चांगली सोय करावी.

तुमचे म्हणणे होते की सामान पुण्याला मागवू आणि तिथल्याच कारागिराकडून बसवून घेऊ. मी नाही म्हटले. वाण सासऱ्याच्या उंबऱ्यातून गेले पाहिजे, कुंकू लावून. कुरियरवाल्याने परस्पर जावयाच्या दारात टाकले तर ते वाण कसले? म्हणून तुम्ही गाडी इथे ठेवून परदेशी गेलात, पुनम पोळा आणि गौरी करूनच जाऊ म्हणून राहिली, आणि धोंड्याचा महिना उलटून गेल्यावर खोकी आली. देव्हाऱ्यापुढे मांडली. त्या भोकाभोकांच्या चकचकीत थाळ्या पाहून पद्माबाई हरखल्या. अनारसे तळून निथळायला यांच्यासारखे काही नाही, असे त्यांचे मत पडले. एक थाळी त्यांनी स्वयंपाकघरात नेलीही होती, ती पुनमने परत आणली.

बसवायला धर्मसिंगला बोलावले. धर्मसिंग तांड्यावरचा, वसमत रोडला ट्रॅक्टर दुरुस्तीचे दुकान आहे, हात चांगला आहे, फक्त नट आवळायला लागला की गाणे म्हणतो आणि गाणे संपेपर्यंत आवळतच राहतो. त्यामुळे पुनम तो टक्क वाजणारा पाना घेऊन त्याच्या उशाशी उभी राहिली आणि प्रत्येक नट तिने स्वतः पाहिला. मग ब्रेकच्या तेलातली हवा काढायची वेळ आली. त्या कामाला चाकाशी एक माणूस लागतो आणि पेडलवर एक पाय. पाय माझा होता. "दाबा मालक! धरा! सोडा!" असे दुपारभर चालले. रात्री जेवताना पद्माबाई ताट पुढे करून "धरा" म्हणाल्या, तर माझा पाय आपोआप दाबला गेला आणि पाण्याचा तांब्या लवंडला.

चाचणी वसमत रोडवर झाली. मी धर्मसिंगला चालवायला सांगत होतो, पण त्याचे गुडघे स्टिअरिंगखाली मावेनात, म्हणून पुनमने चालवली आणि तो डावीकडे बसला. नवे पॅड थाळीला बसावेत म्हणून वेग घ्यायचा आणि दाबायचा, पुन्हा घ्यायचा आणि दाबायचा, असा काही विधी असतो तो तिने केला. परत आल्यावर धर्मसिंग पाणी प्यायला, बसला, आणि म्हणाला, "मालक, गाडी थांबली बराबर. मीच थांबलो न्हाई." त्याच्या कपाळाला टेंगूळ होते. मला फार समाधान वाटले.

माणसाला समाधान वाटले की तो चहाच्या हॉटेलात जातो. तिथे ग्यानबा पाटील बसले होते. ग्यानबा पाटलांच्या हौश्या बैलाला गावात पोळ्याचा मान आहे, म्हणजे वेशीत आंब्याच्या पानांचे तोरण बांधतात, त्याखालून आधी हौश्या जायचा आणि मग बाकी गाव (त्यालाच पोळा फुटला म्हणतात). हा मान त्यांच्या घरात आजोबापासून आहे आणि ते तो अंगावरच्या उपरण्यासारखा सतत सावरत असतात. ते हौश्याचे कौतुक सांगत होते. मी म्हणालो, पाटील, तुमचा बैल दोघांनी कासरा ओढला तरी थांबत नाही, आमच्या जावयाची गाडी पायाच्या अंगठ्याने दाबली की जागेवर थांबते. आता वाटते, हे वाक्य नसते बोललो तर बरे झाले असते. पण हॉटेल भरलेले होते आणि चहा पाटलांनी पाजला होता.

दुसऱ्या दिवशी खांदमळणी. तुम्ही शहरात वाढलेले, म्हणून सांगतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद आणि तेलाने मळतात. वर्षभर ज्या खांद्यावर जू घासते त्याला एक दिवस विसावा. मग "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या" म्हणून बैलाला निमंत्रण द्यायचे. आमच्याकडे आता बैल नाहीत. पण आई ऐकत नाही, ती दरवर्षी ट्रॅक्टरच्या मागचा हूक हळद-तेलाने मळते, कारण नांगर त्यावर ओढला जातो. हुकाचे त्याने काही बिघडत नाही, उलट गंजत नाही. यंदा गोठ्यात ट्रॅक्टरशेजारी तुमची गाडी. आईने ट्रॅक्टर उरकला, वाटी घेऊन गाडीभोवती एक फेरी मारली आणि मला विचारले, "किसन, ह्या लाल गाडीत समद्यात जास्ती जोर कशावर येतो रं?"

आता मला गप्प बसता आले असते. इंजिनावर येतो म्हणालो असतो तरी भागले असते, तिने बॉनेटला बोट लावले असते. पण तुमचे आणि पुनमचे सगळे व्याख्यान माझ्या डोक्यात ताजे होते आणि ऐकणारे कोणी मिळत नव्हते. मी टॉर्च आणला, जाळीदार चाकातून आतली थाळी दाखवली आणि आईला उष्णतेपासून पेडलपर्यंत सगळे समजावले. सारा भार इथे, आई. पळते इंजिन, पण सोसतो ब्रेक. आईने सगळे नीट ऐकून घेतले. म्हणाली, "म्हंजे हिचा खांदा ह्योच की. मळाया पायजे. ह्यो माझ्या नातीला धरून ठिवनार हाय." (नातजावयाला म्हणायच्या जागी नातीला म्हणाली. वय झाले की असे होते.) मी हो म्हणून निघून गेलो. मला वाटले, बोट लावेल. पण माझ्या आईने आयुष्यात कुठलेही काम बोटापुरते केलेले नाही. तिने जाळीतून हात घालून चारही थाळ्या, आतून बाहेरून, फटी-भोकांसकट, आपल्या घरच्या हळदीने आणि करडईच्या तेलाने मळल्या. वर गाडीला आवतण दिले.

पोळ्याच्या दिवशी मी नवा फेटा बांधला, मांडीवर नारळ आणि पुरणपोळ्यांचे ताट घेतले आणि पहिल्यांदाच त्या डाव्या सीटवर उतरलो. बेत असा की बैल जातील, ट्रॅक्टर जातील, सगळ्यांत शेवटी आपली गाडी हळूच तोरणाखालून जाईल आणि वाण मारुतीच्या पायाशी लागेल. पुनम चालवायला बसली. आमच्या घरापासून वेशीपर्यंत उतार आहे हे तुम्हाला माहीत आहे. उतार लागला तशी गाडी निघाली आणि निघतच गेली. पुनम शांतपणे म्हणाली, "बाबा, ब्रेक लागून न्हाई राहिले." मी म्हणालो, कालपर्यंत तर होते. या परिस्थितीत बापाने याहून उपयोगाचे काही बोलायला हवे होते, पण तोंडात तेवढेच आले.

मुन्नाराव, मला भीती वाटली. खोटे कशाला बोलू? पुढे बैल, बैलांमागे माणसे, माणसांच्या खांद्यावर लेकरे, आणि शेजारी माझी पोरगी. फेटा सुटून डोळ्यांवर आला होता, तो मी वर केला नाही. एका डोळ्याने दिसले ते असे. पुनमने गिअर खाली टाकला, गाडी डरकाळली. हातब्रेक ओढला, पण मागच्या थाळ्याही मळलेल्याच होत्या. मग तिने हॉर्नवर तळवा ठेवला तो ठेवलाच. लोकांना वाटले किसनरावांनी वाजतगाजत गाडी आणली, हलगीवाल्यांनी जोर धरला. पण बैलांना अक्कल असते, ते बाजूला सरले आणि त्यांच्यामागे माणसे सरली. वेशीत हौश्या तोरणाखाली उभा, ग्यानबा पाटील डोळे मिटून झडती, म्हणजे पोळ्याचे गाणे, म्हणत होते, शेवटची ओळ राहिली होती. हौश्याच्या शिंगाच्या आणि माझ्या आरशाच्या मधून वारा तेवढा गेला असेल. तोरण तुटले, पाने बॉनेटवर आली, आणि यंदाचा पोळा फुटला तो तुमच्या गाडीने.

पुढे मारुतीचे देऊळ. बैलांच्या प्रदक्षिणेसाठी देवळाभोवतीची वाट तेवढी मोकळी ठेवलेली होती, बाकी सगळीकडे माणूसच माणूस. पुनमने गाडी त्या वाटेला घातली आणि देवळाला फेरी मारली. मग आणखी एक. (एकूण किती झाल्या यावर गावात अजून एकमत नाही.) दर फेरीला वेग थोडा उतरत होता आणि पायरीपासूनचे अंतर मात्र वीतभर ते वीतभरच राहत होते. ती मधूनमधून पेडल दाबत होती, त्याने थाळ्या तापल्या आणि तेल-हळद तडतडली. साऱ्या कुरुंद्यावर फोडणीचा वास सुटला. काही बाया घाईने घरी पळाल्या, चुलीवर कढी राहिली की काय म्हणून. अखेर गाडी मारुतीच्या पायरीसमोर थांबली. नारळ माझ्या मांडीवर शाबूत होता. पुरणपोळ्यांचे सांगता येत नाही. पारावर बसलेली आई शेजारणींना म्हणाली, "बराबर. पळवायचं तर गोलच पळवावं."

धर्मसिंग धावत आला, चाकात बोट घालून वास घेतला आणि चिडला. "माझं काम चोख हाय, ह्ये कुनी फोडणी दिली ते पाहा!" सगळे आईकडे पाहू लागले. आई डगमगली नाही. म्हणाली, "तेल लावल्यावर निसटंल न्हाई तर काय व्हईल? म्या इचारलं, किसन म्हनला जोर तितं येतो. मंग मळाया नगं म्हनून काहून न्हाई सांगितलं?" मी फेटा पुन्हा बांधायला घेतला. गोल रस्त्यावरच्या दाण्यांनंतर आईने मला पकडायची ही दुसरी वेळ.

खरा प्रश्न ग्यानबा पाटलांचा. त्यांनी डोळे उघडले तेव्हा तोरण तुटलेले होते आणि हौश्या त्यांच्याकडे पाहत होता. त्या दिवसापासून ते मला रामराम करत नाहीत. परवा पंचमंडळींसमोर म्हणाले, "किसनराव, तुमी अंगठ्यानं थांबवनार व्हते ना? माझा हौश्या तवापासून कडब्याला तोंड लावून न्हाई राहिला." (लावतो. मी कुंपणावरून पाहिले आहे.) बसून बोलून मार्ग निघाला तो असा, की गाडी ज्याची त्याने, म्हणजे तुम्ही, येऊन हौश्याच्या पायावर पाणी घालावे, त्याला स्वतःच्या हाताने पुरणपोळी भरवावी, आणि पुढच्या पोळ्याला गाडी त्याच्या मागे, बंद इंजिनाने, माणसांनी ढकलत न्यावी. मी तुमच्या वतीने हो म्हटले आहे. हौश्या तसा गरीब आहे, फक्त टोपी आणि गॉगल त्याला आवडत नाही.

तर मुन्नाराव, या सगळ्यातून तुम्ही एवढेच घ्यावे अशी तुमच्या सासऱ्याची हात जोडून विनंती आहे: वेग सोडा. दसऱ्यानंतरच्या रविवारी तुमचा ट्रॅक आहे हे मला माहीत आहे. नका जाऊ. मी त्या डाव्या सीटवर बसून पाहिले आहे, तिथून जग फार जवळ दिसते. त्या जागी माझी पोरगी बसते हे आता मला झोपू देत नाही. ब्रेक कितीही मोठे घातले तरी बापाचा जीव त्या थाळीलाच टांगलेला राहतो. गाडी विकून चार सीटांची, उंच, सावकाश अशी एखादी घ्या, आम्हालाही बसता येईल. लहान तोंडी मोठा घास म्हणणार होतो, पण तोंड माझेच मोठे आहे, तेव्हा रागवू नये.

वडिलांना आणि आईंना नमस्कार. चटणीचे कळवावे.

तुमचा काळजीतला,
किसनराव

ता. क. थाळ्या धर्मसिंगने घासूनपुसून, वाफेने धुऊन लखलखीत केल्या आहेत, त्या वाचल्या. पण पॅड तेल प्यायले आहेत, ते आता कामाचे नाहीत. येताना नवे आणावेत. या वेळी त्यांना कुंकू फक्त खोक्यावरून लावू.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आधी पुनमने पत्र वाचले. "वेग सोडा"पाशी आली आणि हसायला लागली ती पाटावरून खाली घसरेपर्यंत. मग माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, डावीकडं मी न्हाई बसत. डावीकडं कोणीच न्हाई बसत." तुम्ही ट्रॅकवर एकदाच गाडी चालवली होतीत, उलटी झाली (गाडी नव्हे, तुम्हाला) आणि तेव्हापासून तुम्ही कठड्याबाहेर घड्याळ घेऊन उभे राहता, असे ती सांगते. डिकीतले ते हेल्मेट मी घालून पाहिले होते, कानाच्या खाली येईना. जावयाचे डोके इतके लहान कसे, या विचारात मी आठवडा घालवला. ते माझ्या पोरीचे निघाले. म्हणजे इतके रविवार मी हळदीत फिरून चुकीच्या सीटची काळजी करत होतो. आणि बाबा नाही म्हणतील या भीतीने तिने तुमचे नाव पुढे केले, आणि तुम्ही माझे सगळे टोमणे जावयाच्या मानाला न शोभेल इतक्या मुकाट्याने ऐकून घेतलेत. मुन्नाराव, त्याबद्दल मी तुमचा आभारी आहे. हे मात्र फोनवर मला सांगता आले नसते.

ता. क. तिसरा. आईला विचारले, तुला माहीत होते? म्हणाली, "म्या नातीला म्हनले व्हते. तू कवा ऐकतो?" तिसरी वेळ.

ता. क. शेवटचा. वर ते "नका जाऊ" लिहिले आहे ते खोडायचे होते, पण कागद फाटेल म्हणून राहू दिले. तुम्ही ते वाचू नये. खरे सांगतो, देवळाच्या पहिल्या फेरीला मी डोळे मिटले होते. दुसऱ्या फेरीला फेटा वर केला आणि पुनमकडे पाहिले. लहानपणी चिंचेच्या शेंड्यावर जाऊन बसायची, मी खालून ओरडायचो आणि ती मला हात करायची, तेव्हाचा तोच चेहरा. मग मला भीती वाटली नाही. गाडी थांबली तेव्हा, देवाशपथ, वाईट वाटले. तर दसऱ्यानंतरच्या रविवारी ती जाणार आणि तिच्या शेजारी मी बसणार, असे आमचे ठरले आहे. माझ्या मापाचे हेल्मेट आणावे, फेट्यावर बसेल असे असल्यास उत्तम. गाडीत सीटा दोनच आहेत, हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. तुम्ही हौश्याची पुरणपोळी उरकून मागाहून एसटीने या. जावयाच्या मानपानात काही कमी पडणार नाही, वसमतला गाडी बदलताना खिडकीची जागा धरून द्यायला धर्मसिंगला सांगितले आहे.